१९९० च्या दशकातला सर्वोत्तम एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) खेळाडू कोण?

नीलरेषा

दशक म्हणजे नेमकं काय, ते आधीच ठरवून टाकू. १९९०-९१ ते १९९९-२००० हे १० हंगाम. त्याआधीचं आणि नंतरचं काहीही मोजायचं नाही. म्हणजे ग्रेट्स्कीची एडमंटनची वर्षं बाद आणि हाशेकचा २००२ चा डेट्रॉइटमधला स्टॅन्ली कपही (लीगचं विजेतेपद) बाद.

माझी यादी: १) मारियो लेमियू २) डॉमिनिक हाशेक ३) यारोमिर यागर ४) वेन ग्रेट्स्की ५) पॅट्रिक र्‍वा ६) रे बोर्क ७) जो सॅकिक ८) ब्रेट हल ९) सर्गेई फेडरोव १०) स्टीव्ह आयझरमन.

आइस हॉकी नव्याने बघणाऱ्यांसाठी: गोलचा एक गुण आणि असिस्टचाही एकच. एका गोलवर जास्तीत जास्त दोघांना असिस्ट मिळतो. हंगामात सर्वाधिक गुण करणाऱ्याला आर्ट रॉस ट्रॉफी, आणि आपल्या संघाला सर्वांत मोलाचा ठरलेल्याला हार्ट ट्रॉफी. या १० हंगामांतल्या दहाच्या दहा आर्ट रॉस तिघांतच वाटल्या गेल्या. लेमियू ४, यागर ४, ग्रेट्स्की २. त्यामुळे आक्रमणातले पहिले तीन कोण, यावर फारसा वाद होऊ नये. वाद व्हावा तो त्यांच्या क्रमावर, आणि गोलरक्षक हाशेकला त्यांच्यात कुठे बसवायचं यावर.

लालदिवा

लेमियू पहिला? ७८६ सामन्यांपैकी तो खेळला ३१८. चाळीस टक्के! १९९०-९१ मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे फक्त २६ सामने, १९९३-९४ मध्ये २२, १९९४-९५ मध्ये एकही नाही, आणि १९९७ मध्ये निवृत्ती. यागर त्याच काळात ७२५ सामने खेळला आणि त्याने ९५८ गुण केले. दशकभर रोज मैदानात असणारा माणूस खाली आणि अर्ध्याहून जास्त वेळ बाहेर असणारा वर, हे मला पटत नाही.

नीलरेषा

३१८ सामन्यांत ६५६ गुण, लालदिवा. सामन्यामागे दोनच्या वर. यागरची सरासरी १.३२, आणि तीसुद्धा थोर खेळाडूची सरासरी आहे. मधला फरक बघा.

१९९२-९३ च्या हंगामात लेमियूला हॉजकिन्स लिम्फोमा निघाला. २ मार्च १९९३ ला सकाळी शेवटचं रेडिएशन घेतलं आणि त्याच रात्री फिलाडेल्फियात जाऊन एक गोल, एक असिस्ट. तोवर पॅट लाफाँटेन त्याच्या १२ गुण पुढे होता. हंगाम संपला तेव्हा लेमियू १६०, लाफाँटेन १४८. म्हणजे १२ ने मागे होता तो १२ ने पुढे गेला, आणि ८४ सामन्यांच्या हंगामात स्वतः खेळला फक्त ६०. त्याच्या पिट्सबर्ग संघाने त्याच वसंतात सलग १७ सामने जिंकले. अशी उंची दुसऱ्या कोणी गाठली नाही. म्हणून तो पहिला.

आकडेमोड

दोघेही कच्चे आकडे वापरताय. या दशकात कच्च्या आकड्यांनी हमखास फसायला होतं, कारण दशकाच्या सुरुवातीचा खेळ आणि शेवटचा खेळ वेगळा आहे. एका सामन्यात दोन्ही संघ मिळून सरासरी किती गोल व्हायचे ते बघा:

१९९०-९१: ६.९१
१९९२-९३: ७.२५
१९९५-९६: ६.२९
१९९६-९७: ५.८३
१९९७-९८: ५.२८
१९९८-९९: ५.२७
१९९९-२०००: ५.४९

सहा वर्षांत सामन्यामागे जवळजवळ दोन गोल गेले. १९९२-९३ मध्ये २१ खेळाडूंनी १०० गुण ओलांडले होते. १९९७-९८ मध्ये फक्त यागरने (१०२), आणि १९९९-२००० मध्ये कुणीच नाही. त्या वर्षी यागरने ९६ गुणांवर आर्ट रॉस नेली.

बरोबरी करायची रीत साधी आहे. खेळाडूचे गुण घ्या, ६ ने गुणा, त्या हंगामाच्या सरासरीने भागा. सगळे हंगाम सामन्यामागे ६ गोलांच्या पातळीवर येतात.

यागर १९९५-९६: १४९ × ६ ÷ ६.२९ = १४२
यागर १९९८-९९: १२७ × ६ ÷ ५.२७ = १४५

यागरचा सर्वोत्तम हंगाम म्हणून सगळे १४९ वाला सांगतात, कारण उजव्या विंगरचा तो विक्रम आहे. पण त्या वर्षी त्याच्याच संघात १६१ गुणांचा लेमियू होता आणि समोरच्यांचं लक्ष दोघांत वाटलं जात होतं. १९९८-९९ मध्ये लेमियू नव्हता, गोल आटले होते, प्रत्येक संघाचा सर्वांत चांगला बचावपटू यागरच्याच अंगावर सोडला जायचा, आणि तरी तो दुसऱ्या क्रमांकाच्या टीमू सेलानेच्या २० गुण पुढे होता. माझ्या मते तोच मोठा हंगाम.

आता लेमियू. १९९२-९३ चे १६० होतात १३२, पण ६० सामन्यांत. म्हणजे सामन्यामागे २.२१. १९९५-९६ चे १६१ होतात १५४, ७० सामन्यांत, सामन्यामागे २.१९. यागरचा १९९८-९९ चा वेग १.७९. तेव्हा शिखराच्या उंचीबद्दल नीलरेषाचं म्हणणं भागाकार करूनही टिकतं.

या रीतीत दोन जागी घोटाळा होतो. पहिली, पॉवर प्ले, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतानाचा खेळ. १९९२-९३ मध्ये शिट्ट्या खूप वाजायच्या आणि पाचास चार खेळायची संधी मुख्यतः पहिल्या फळीच्या खेळाडूंना मिळायची. सगळ्यांना एकाच आकड्याने भागलं की हा फरक बुजतो. दुसरी, १९९४-९५. लॉकआउटमुळे (संघमालकांनी खेळ बंद ठेवल्यामुळे) हंगाम २० जानेवारी १९९५ ला सुरू झाला, फक्त ४८ सामन्यांचा. तो ८२ वर ताणून "यागरने १२० केले असते" असं म्हणू नका. थोड्या सामन्यांत कोणाचाही वेग चढा दिसू शकतो. (त्या वर्षी यागर आणि लिंड्रॉस दोघांचे ७० गुण झाले. यागरचे गोल ३२, लिंड्रॉसचे २९, म्हणून आर्ट रॉस यागरला.)

पेनल्टीबॉक्स

गोल आटले कशाने तेही लिहा कोणीतरी. नवीन वाचणाऱ्याला वाटेल खेळाडूच घसरले.

बचावफळी

मी लिहितो, हा माझा आवडता विषय.

मुख्य कारण न्यूट्रल झोन ट्रॅप. मैदानात दोन निळ्या रेषा आणि मधोमध एक लाल रेषा असते. दोन निळ्या रेषांमधला पट्टा म्हणजे न्यूट्रल झोन. समोरचा संघ आपल्या टोकाकडून पक (रबरी चकती) घेऊन निघाला की ट्रॅप लावणारा संघ फक्त एकच माणूस पुढे पाठवतो. त्याचं काम पक हिसकावणं नाही. त्याने अशा कोनातून यायचं की पकवाला मधली वाट सोडून कडेच्या फळीकडे वळेल. बाकीचे चौघे न्यूट्रल झोनमध्ये मांडून उभे. पकवाला कडेला अडकला की त्याला आडवा पास द्यावा लागतो आणि तो मधेच तोडला जातो. लांब पास देऊन सुटावं म्हटलं तर तेव्हा दोन रेषा ओलांडणारा पास बेकायदा होता. ती बंदी २००५ मध्ये उठली. म्हणजे सुटकेची एक वाट संघाने बंद केली आणि दुसरी नियमाने.

जाक लेमेअर यांनी न्यू जर्सी डेव्हिल्सला हे घोटून शिकवलं आणि १९९५ च्या अंतिम फेरीत डेट्रॉइटसारख्या वेगवान संघाला ४-० ने हरवलं. मग ज्यांच्याकडे प्रतिभा कमी होती त्या सगळ्यांनी हाच धडा गिरवला, आणि १९९१ पासून नवे संघ येतच होते. सॅन होझे, ऑटवा, टँपा बे, फ्लोरिडा, अ‍ॅनाहाइम, नॅशव्हिल, अटलांटा. २१ चे २८ झाले.

त्यात काठीने कमरेला अडकवणं, हाताने धरून ठेवणं याकडे पंच काणाडोळा करायचे. आणि गोलरक्षक बदलले. गुडघे टेकून पाय दोन्हीकडे पसरायची बटरफ्लाय पद्धत सगळीकडे गेली, पॅड हलके पण अवाढव्य झाले. १९९२-९३ मध्ये गोलरक्षक सरासरी ८८.५ टक्के फटके अडवायचे, १९९८-९९ मध्ये ९०.८ टक्के.

आकडेमोड

बचावफळीने शेवटी दिलेल्या आकड्यावरूनच हाशेककडे वळतो, कारण माझा पहिला क्रमांक तोच आहे.

१९९३-९४: त्याच्याकडे १५५२ फटके आले, १०९ गोल झाले. ९३.० टक्के. त्या वर्षीची सरासरी ८९.५. सरासरी गोलरक्षकाने तेवढ्याच फटक्यांवर १६३ गोल खाल्ले असते. म्हणजे त्याने ५४ गोल वाचवले.

१९९८-९९: १८७७ फटके, ११९ गोल, ९३.७ टक्के. सरासरी गोलरक्षकाने १७३ खाल्ले असते. पुन्हा ५४.

५४ गोल म्हणजे किती? १९९८-९९ मध्ये सबंध लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या सेलानेचे ४७ होते. पहिलीवहिली रॉकेट रिचर्ड ट्रॉफी त्याला त्यावरच मिळाली. तुमच्या संघातून लीगचा पहिल्या क्रमांकाचा गोल करणारा काढून टाकला तर जेवढं नुकसान होईल, त्याहून जास्त हाशेक एकटा भरून काढत होता.

लालदिवा

आकडेमोड, सरासरीशी तुलना ठीक, पण सगळे फटके सारखे नसतात ना. निळ्या रेषेवरून मारलेला आणि गोलच्या तोंडातून मारलेला एकाच खात्यात जातो. एखाद्या संघाने लांबून भरपूर मारू दिलं की त्याच्या गोलरक्षकाची टक्केवारी आपोआप फुगते.

आकडेमोड

शंका रास्त आहे. म्हणून दुसऱ्या बाजूने तपासा. त्याच्या पुढे खेळणारा बफलोचा संघ कसा होता? १९९६-९७ मध्ये बफलोचा सर्वाधिक गुणांचा खेळाडू डेरेक प्लांट, ५३ गुण. तरी संघ आपल्या विभागात पहिला. १९९७-९८ मध्ये मिरोस्लाव शातान, ४६ गुण. सगळ्या संघात ५० गुण करणारा एकही नाही, आणि तो संघ पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचला. दोन्ही वर्षी हार्ट ट्रॉफी हाशेकला. ती दोनदा जिंकलेला गोलरक्षक एनएचएलच्या इतिहासात तो एकटाच. टक्केवारी फुगलेली असती तर विजय कुठून आले असते?

स्लॅपशॉट

हाशेक नुसता आकड्यांत बघू नये. बाकीचे गोलरक्षक कोन झाकून उभे राहायचे, हा पक जिथे असेल तिथे काही ना काही पोचवायचा. पाठीवर लोळून दोन्ही पाय हवेत, काठी चक्क टाकून दिलेली, आणि ब्लॉकरच्या (काठी धरायच्या हातमोज्याच्या) हाताने बर्फावरचा पक दाबलेला. ते गोंधळासारखं दिसतं, पण त्यामागे हिशेब आहे. गोलमध्ये बहुतेक फटके खालच्या भागात येतात, म्हणून तो आधी खालचा सगळा पट्टा अंगाने आडवा झाकतो. मग मारणाऱ्याला पक वर उचलावा लागतो, आणि गोलच्या तोंडाशी, दोन-तीन फुटांवरून पक उभा उचलणं फार अवघड. उचलायच्या त्या अर्ध्या क्षणात त्याचा हात किंवा पाय तिथे येतो. असं अंग वळवायला लागणारी लवचीकता दुसऱ्या कोणाकडे नव्हती, म्हणून ही पद्धत कोणाला उचलता आली नाही.

२७ एप्रिल १९९४, न्यू जर्सीविरुद्ध प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा) सहावा सामना. चार जादा पिरियड, बफलो १-० ने विजयी, हाशेकचे ७० बचाव. समोर कोण होता? मार्टिन ब्रोडर, पदार्पणाच्या हंगामातला.

नीलरेषा

आणि सातवा सामना डेव्हिल्सने जिंकला. माझं हाशेकबद्दलचं दुखणं तेच आहे. या १० वर्षांत त्याच्या नावावर एकही कप नाही. र्‍वाकडे दोन आहेत, १९९३ माँट्रियल आणि १९९६ कोलोरॅडो. १९९३ मध्ये क्युबेकविरुद्ध पहिले दोन सामने गमावल्यावर माँट्रियलने त्या प्लेऑफमध्ये जादा वेळेतले सलग १० सामने जिंकले. जादा वेळेत एक गोल खाल्ला की खेळ खलास, आणि र्‍वाने दहाही वेळा दार बंद ठेवलं. १९९६ च्या अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध चौथा सामना तिसऱ्या जादा पिरियडपर्यंत गेला, १-०, त्याचे ६३ बचाव.

पेनल्टीबॉक्स

नीलरेषाताई, पण त्या दोन कपांच्या मधे २ डिसेंबर १९९५ सुद्धा आहे. डेट्रॉइटने माँट्रियलला ११-१ ने हरवलं, त्यातले ९ र्‍वाने खाल्ले, आणि चार दिवसांत त्याची कोलोरॅडोला रवानगी झाली. आणि कोलोरॅडोत त्याच्या पुढे सॅकिक आणि फोर्सबर्ग होते. त्या १९९६ च्या प्लेऑफमध्ये सॅकिकचे १८ गोल, ३४ गुण, कॉन स्माइथ (प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) त्याला. बफलोत हाशेकच्या पुढे कोण होतं ते वर आलंच आहे.

आणि नागानो १९९८ मोजणार की नाही? एनएचएलचे खेळाडू पहिल्यांदाच ऑलिंपिकला गेले होते. उपांत्य सामन्यात शूटआउटमध्ये कॅनडाचे पाच जण आले: फ्लरी, बोर्क, न्यूवेंडाइक, लिंड्रॉस, शॅनाहन. हाशेकने पाचही अडवले. (ग्रेट्स्कीला पाचांत घेतलंच नाही, आणि तो वाद आजही चालू आहे.) अंतिम सामन्यात रशियाला १-० ने हरवून सुवर्ण. जगातले सगळे उत्तम खेळाडू एकाच स्पर्धेत उतरण्याची वेळ दशकात मोजक्याच वेळा आली, आणि तिथे ठसा याने उमटवला.

नीलरेषा

नागानो मोजू. विषय एनएचएल खेळाडूंचा आहे, आणि ते तिथे होतेच.

स्लॅपशॉट

ब्रेट हल आठवा? १९९०-९१ मध्ये ८६ गोल. वरच्या रीतीने काढले तरी ७५ भरतात. दशकातला तो सर्वोत्तम गोलचा हंगाम, आणि १० वर्षांचे एकूण ४६४ गोलही सर्वांत जास्त.

आकडेमोड

हलच्या गोलसंख्येशेजारी अ‍ॅडम ओट्सचं नाव लिहायला हवं. सेंट लुईसमध्ये हल पक जवळ बाळगतच नसे. बचावपटूंच्या नजरेआड रेंगाळायचा, ओट्स पक धरून दोघांना आपल्याकडे ओढायचा, आणि हल मोकळ्या जागी सरकून आलेला पास न थांबवता तसाच मारायचा. फेब्रुवारी १९९२ मध्ये ओट्स बॉस्टनला गेला. पुढच्या हंगामात हल ७० वरून ५४ वर आला, तेही लीगभर गोलांचा सुकाळ असताना. ओट्सने बॉस्टनमध्ये ९७ असिस्ट केले, लीगमध्ये सर्वाधिक. म्हणून मी हलला आठवाच ठेवीन आणि ओट्सला यादीच्या उंबरठ्यावर आणीन.

निव्वळ गोलांत मला पावेल बुरेचा १९९९-२००० चा हंगाम जास्त भावतो. फ्लोरिडासाठी ५८. दुसऱ्या क्रमांकाच्या ओवेन नोलनचे ४४. बरोबरी केली की ५८ चे ६३ होतात आणि सेलानेच्या पदार्पणातल्या ७६ चेही ६३ च. दोन हंगाम एकाच तोलाचे आहेत, फक्त एक जण गोलांच्या पुरात मारत होता आणि दुसरा दुष्काळात.

बचावफळी

बचावपटूंत बोर्क सहावा हे बरोबर, पण यादीत एकच बचावपटू? दशकातल्या नॉरिस ट्रॉफी (सर्वोत्तम बचावपटूच्या) बघा. बोर्क १९९१ आणि १९९४, लीच १९९२ आणि १९९७, चेलिओस १९९३ आणि १९९६, कॉफी १९९५, ब्लेक १९९८, मॅकिनिस १९९९, प्राँगर २०००. लिड्स्ट्रॉमचं नाव कुठेच नाही. १९९८, १९९९, २००० तिन्ही वर्षी तो दुसरा.

तरी १९९७ ची अंतिम फेरी काढून बघा. फिलाडेल्फियाची "लीजन ऑफ डूम" फळी, लेक्लेअर-लिंड्रॉस-रेनबर्ग, तिघेही धिप्पाड. सगळ्यांना वाटलं डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन त्यांच्यावर कॉन्स्टँटिनॉव्हसारखा धडका देणारा सोडतील. बोमननी लिड्स्ट्रॉम आणि लॅरी मर्फी लावले. दोघेही अंगावर न जाणारे. हिशेब असा की लिंड्रॉसला धडक दिली तर तो आनंदाने घेतो आणि तुम्हालाच पाडतो, पण त्याच्या काठीपासून हातभर अंतर राखून पक टोचून काढला तर त्याच्या ताकदीचा उपयोगच होत नाही. लिंड्रॉसला सबंध फेरीत एक गोल मिळाला, तोही चौथ्या सामन्याच्या शेवटच्या काही सेकंदांत. डेट्रॉइट ४-०. दशकाचा म्हणून बोर्कच वर राहील, पण लिड्स्ट्रॉम पहिल्या दहांत हवा. आयझरमनच्या जागी.

लालदिवा

आयझरमनला हात लावू नका. दशकाच्या सुरुवातीला १०० च्या वर गुण करणारा सेंटर, बोमन आल्यावर निम्मा खेळ बचावाला दिला, आणि १९९७ व १९९८ चे कप त्याच्या कप्तानीखाली आले. १९९८ ची कॉन स्माइथही त्यालाच. काढायचंच तर हलला काढा.

नीलरेषा

हल बाहेर, लिड्स्ट्रॉम दहावा. मान्य.

फेडरोव मात्र राहणार. १९९३-९४ मध्ये ५६ गोल, १२० गुण, हार्ट ट्रॉफी, आणि त्याच वर्षी बचावात सर्वोत्तम फॉरवर्डची सेल्की ट्रॉफीसुद्धा. एकाच हंगामात या दोन्ही घेणारा दुसरा नाही त्या दशकात.

पहिल्या क्रमांकाबद्दल माझं मत बदललं आहे. सात हंगाम पहिल्या पसंतीचा गोलरक्षक, पाच व्हेझिना (सर्वोत्तम गोलरक्षकाच्या ट्रॉफी), दोन हार्ट, आणि पुढे उभा असलेला संघ एवढा दुबळा. लेमियूची उंची जास्त, पण हाशेकने आपली उंची अर्ध्या दशकाहून जास्त काळ टिकवली. १) हाशेक २) लेमियू ३) यागर.

लालदिवा

यागर तिसरा हे अजूनही खुपतं, पण हाशेक पहिला चालेल.

आता डाव्या विंगचं बघू, तिथे कोणीच आलेलं नाही. रोबिताय १९९२-९३ मध्ये ६३ गोल आणि १२५ गुण. लेक्लेअर १९९५-९६ पासून सलग तीन वर्षं ५१, ५०, ५१. मी रोबिताय म्हणतो.

आकडेमोड

रोबितायचे ६३ होतात ५२. लेक्लेअरचे अनुक्रमे ४९, ५१ आणि ५८. त्याचं तिसरं वर्ष रोबितायच्या सर्वोत्तम वर्षाहून वरचं आहे, आणि पहिली दोन त्याच्या आसपास. लेक्लेअरला लिंड्रॉसचे पास होते हे खरं, पण त्याचे बरेच गोल गोलच्या तोंडाशी, पाठीवर बचावपटू लटकलेला असताना, परतून आलेल्या पकवर आहेत. ते काम पास देणारा करून देत नाही. माझं मत लेक्लेअर.